एक्केचाळिसावी फरशी

फोटोत त्याचं तोंड उघडं होतं. आधी त्याला तेवढंच दिसलं. अर्धी भिंत व्यापणाऱ्या त्या काळ्यापांढऱ्या फोटोत सात हत्ती होते, रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसांची दाटी होती, दिव्याच्या खांबाला लटकलेले दोन हौशी गडी होते, पण त्याची नजर गेली ती थेट डाव्या कोपऱ्यात, हातात पहार धरून उभ्या असलेल्या एका किडकिडीत तरुणाच्या तोंडाकडे. ते तोंड त्याचं होतं. त्यातून त्या क्षणी कोणते शब्द बाहेर पडत होते हे त्याला अठ्ठेचाळीस वर्षांनंतरही अक्षरन् अक्षर ठाऊक होतं, आणि ते आता या व्हरांड्यात कुणाला ऐकू जातील की काय अशा भीतीने त्याने झटकन मागे पाहिलं. मागे त्याची मुलगी होती. ती चष्मा पुसत होती, आणि चष्म्याशिवाय तिला दोन हातांपलीकडचा हत्तीसुद्धा दिसत नसे.

तो आला होता जिवंत असल्याचा दाखला द्यायला. निवृत्त माणसाला वर्षातून एकदा आपल्या जुन्या कचेरीत जाऊन खिडकीपाशी उभं राहावं लागतं आणि मी अजून आहे असं लिहून द्यावं लागतं. खिडकीतला कारकून तोंड वर करून बघतही नाही. शिक्का मारतो आणि कागद ओढून घेतो. "बाबा, नीट श्वास घ्या हं, नाहीतर नामंजूर करतील," असं मुलगी दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी तो हसायचा. आजही हसला होता. फाटकातून आत येताना गटारावरच्या लोखंडी पत्र्यापाशी तो नेहमीसारखा थबकला होता. अंगाचा भार मागच्या पायावर ठेवून उजव्या बुटाच्या टोकाने त्याने पत्रा दाबून पाहिला होता, आणि मुलगी पुढे चालता चालता, वळूनही न बघता म्हणाली होती, "भक्कम आहे बाबा, या." हे वाक्य तिच्या आईचं. आई जाऊन सहा वर्षं झाली, वाक्य मात्र घरात राहिलं. कुठली फरशी दिसो, कुठलं झाकण दिसो, त्याचा पाय आधी चौकशी करायचा आणि घरातलं कुणीतरी म्हणायचं, भक्कम आहे, या. नोकरीने लावलेली खोड, असं सगळे समजत. रस्तेखात्यात ज्याने उभा जन्म फरशा ठोकण्यात घालवला तो दुसरं काय करणार? तोही कधी नाही म्हणाला नव्हता. पाय असा पुढे करून तपासायची रीत त्याने कुणाची उचलली होती, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

यंदा कचेरीने व्हरांड्याला नवा रंग दिला होता आणि 'आपलं जुनं शहर' अशी पाटी लावून ओळीने फोटो टांगले होते. पाण्याच्या टाकीचा पाया, पहिली अग्निशामक गाडी, मिशाळ नगराध्यक्षांची रांग. आणि मध्यभागी, सगळ्यांत मोठे, हत्ती. खाली टंकलेला कागद चिकटवला होता. त्याने तो वाचला. सर्कशीची मिरवणूक, मालधक्का ते मैदान. रस्त्यावरील धोक्याच्या खुणेकडे माहुताने दुर्लक्ष केल्यामुळे या मिरवणुकीत पुढची हत्तीण जायबंदी होऊन दगावली. वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. चौकशी अहवालातून उचललेलं, आणि अहवालात ते त्याच्याच जबानीतून आलेलं. इतक्या वर्षांत त्याला वाटत आलं होतं की ते कुठल्यातरी कपाटात वाळवीच्या पोटात गेलं असेल. ते इथे स्वच्छ अक्षरात उभं होतं, आणि त्याच्या बरोबर वर फोटो उभा होता. फोटोत हत्तिणीचा पुढचा उजवा पाय हवेत होता. पायाच्या पुढ्यात दगडी फरशी होती आणि फरशीवर खडूने काढलेला गोल होता. गोल वाकडा होता, एका बाजूला चेपलेला, आणि जिथे रेघ रेघेला मिळते तिथे बाहेर आलेलं एक शेपूट होतं. फुली म्हणजे धोका, गोल म्हणजे चालेल. ही खूण वाचू शकणारी माणसं आता मोजकीच उरली असतील, त्यातलं शेपूट ओळखू शकणारा एकच. तरीही चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. त्याला वाटलं, व्हरांड्यातून जाणारायेणारा प्रत्येकजण थेट त्या गोलाकडेच बघतोय.

खात्यात त्याला वैद्यबुवा म्हणायचे. नव्या नोकरीत पहिल्याच वर्षी हे नाव पडलं, कारण पहार आपटून झाली की तो गुडघ्यावर बसून फरशीला कान लावायचा. धड फरशी घंटेसारखी वाजते, आवाज वर येतो. आतून चिरलेली किंवा खालून पोकळ झालेली फरशी भद्द करते, आवाज आतच राहतो. त्याला ते पहिल्या ठोक्यात कळायचं. मुकादम म्हणायचा, वैद्यबुवा, नाडी बघा आणि औषध सांगा. तो थट्टेत सामील व्हायचा, पण आतून त्याला स्वतःच्या कानाचा अभिमान होता, नको तितका. सर्कस गावात येणार, हत्ती रेल्वेच्या मालधक्क्यावर उतरून चालत मैदानापर्यंत जाणार, पुढे बँड, मागे विदूषक, अशी परवानगी निघाली तेव्हा साहेबांनी वाटेतल्या गटारांवरच्या फरशा तपासायचं काम त्यालाच दिलं. त्रेचाळीस फरशा. एक दिवस. कुणी विचारलं तर तो म्हणत होता, हत्तींच्या वाटेची नाडी बघतोय. तो सव्वीस वर्षांचा होता.

सकाळी सातपासून त्याने ठोकायला सुरुवात केली होती. बावीस गोल, तीन फुल्या. मग तेहतीस गोल, पाच फुल्या. फुली आली की शेजारून दुसरी वाट आखायची, तिच्यावर बाण काढायचा. दुपारपर्यंत पहारीने तळहात सोलले आणि कानात सारखा तोच आवाज घुमू लागला. चार वाजता बागेच्या फाटकाशी त्याला एक मुलगी भेटणार होती. तिसऱ्यांदा. पहिल्या दोन्ही वेळा तो उशिरा पोचला होता आणि दुसऱ्या वेळी ती म्हणाली होती, आता तिसऱ्यांदा मी थांबणार नाही. पावणेचारला तो एक्केचाळिसाव्या फरशीपाशी आला. गटार तिथे रस्त्याला आडवं जात होतं, बाजूला लाद्यांची वखार होती, आणि बरोबर फरशीवर दगडी लाद्यांनी गच्च भरलेली लॉरी उभी होती. लॉरीवाला जेवायला गेला होता. "तासाभरात येईल," वखारवाला म्हणाला, आणि वर दात काढून म्हणाला, "हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणायचं तुमचं, वैद्यबुवा." तो वाकला. लॉरीखालच्या अंधारात फरशी दिसत होती, कोरडी, सपाट, कुठे चीर नाही. मग त्याच्या मनात जो विचार आला तो फक्त त्या धंद्यातल्या माणसालाच सुचला असता. एवढी लॉरी हिच्यावर उभी आहे; हत्तीपेक्षा लॉरी जड; मग पहारीने ठोकून आणखी काय कळणार आहे? त्याने आडवं पडून हात लांब केला आणि जेमतेम पोचणाऱ्या बोटांनी गोल काढला. हात परत ओढताना खडूचं शेपूट निघालं. उरलेल्या दोन फरशा त्याने नीट ठोकल्या, आणि चाराला पाच कमी असताना बागेच्या फाटकाशी उभा राहिला. मुलगी आली, त्याला आधीच आलेला बघून हसली. तीच पुढे त्याची बायको झाली.

लॉरीची चाकं फरशीवर नव्हतीच. दोन अलीकडे, दोन पलीकडे, पक्क्या रस्त्यावर होती. फरशी मधल्यामध्ये मोकळी होती, तिच्यावर काडीचाही भार नव्हता. हे त्याच्या लक्षात कधी आलं? त्याने स्वतःला हा प्रश्न इतक्या वेळा विचारला होता की उत्तरावरचा त्याचा विश्वास उडाला होता. कधी वाटायचं, फरशी फुटल्यावर कळलं. कधी वाटायचं, बागेतल्या बाकावर ती कशावरून तरी हसत होती तेव्हाच ती चार चाकं डोळ्यांपुढे येऊन गेली होती आणि आपण ती बाजूला सारली होती. हे दुसरं खरं असावं असं त्याला म्हातारपणी वाटू लागलं होतं. बायकोचं हसणं आठवलं की मागोमाग चाकं यायची. ती शेवटच्या दुखण्यात निजून असतानाही यायची.

"अगं बाई, हत्ती!" मुलगी चष्मा लावून पुढे आली. "बाबा, हीच का ती मिरवणूक? तुम्ही होतात ती?" आणि मग नाक फोटोला टेकेल इतकी जवळ जाऊन, "बाबा, हे तुम्ही! पहार घेतलेले तुम्हीच आहात हे! बघा तर कसे काडीसारखे दिसताय." ती शाळेत शिकवायची. दरवर्षी नव्या वर्गाला ती ही गोष्ट सांगायची: माझे वडील हत्तींच्या पुढे चालत, फरशी ठोकून सांगत, इथून जा, इथून जाऊ नका, आणि एका माहुताने ऐकलं नाही तर काय झालं. गोष्टीचं तात्पर्यही ती सांगत असे. हे सगळं तिला त्यानेच दिलं होतं, तिच्या लहानपणी, कधीतरी ती झोपत नव्हती म्हणून. एकदा खोटं घरात घेतलं की ते पाहुण्यासारखं राहत नाही, घरचंच होऊन बसतं. त्याने मुलीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता, आणि त्या आनंदाखालची फरशी त्याने कधी ठोकलेली नव्हती.

मिरवणुकीच्या सकाळी ऊन छान पडलं होतं. बँड पुढे निघून गेला होता, त्याचा ढोल वळणाच्या पलीकडून ऐकू येत होता. हत्ती एकामागे एक होते, मागच्याने पुढच्याचं शेपूट सोंडेत धरलेलं, आणि सगळ्यांच्या पुढे ती. सर्कशीत तिला थोरली म्हणत. वयाने थोरली होती आणि मानानेही. बाकीचे सहा तिच्या पावलावर पाऊल ठेवून चालायचे. माहूत तिच्यावर बसलेला नव्हता, बाजूने चालत होता, एक हात तिच्या कानामागे ठेवून. काळासावळा, अबोल, पन्नाशीचा माणूस. मालधक्क्यापासून चाळीस फरशा थोरलीने ओलांडल्या होत्या आणि प्रत्येक फरशीपाशी तिने तेच केलं होतं. आधी सोंड टेकून फुंकर घालायची, मग पुढचा उजवा पाय हळूच ठेवायचा, भार मागे राखायचा, मग दाबायचं, आणि मगच चालायचं. पहिल्या दोनतीन वेळा तो हसला होता. पंधराव्याला त्याला तिचं कौतुक वाटू लागलं होतं, कारण तिचं आणि त्याचं मत प्रत्येक वेळी जुळत होतं: गोलावरून ती चालायची, फुलीपाशी आपणहून बाजूला व्हायची. एका ठिकाणी त्याने माहुताला म्हटलंसुद्धा, "आमच्या खात्यात लावून घ्या हिला." माहूत हसला होता. चाळीस फरशांत त्या दोघांचं, खरं म्हणजे तिघांचं, गूळपीठ जमलं होतं.

एक्केचाळिसाव्या फरशीवर थोरलीने सोंड टेकली, फुंकली. पाय उचलला, ठेवला आणि परत मागे घेऊन दुसऱ्या पायाला लावून उभी राहिली. मागचे सहा थांबले. माहुताने तिच्या तोंडाकडे पाहिलं. जमिनीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही, हे याला अजून दिसतं. "साहेब," माहूत म्हणाला, "ती नाही म्हणतेय." गर्दी ढकलत होती, वाहतुकीचा पोलीस शिटी फुंकत होता, बँडचा आवाज दूर चालला होता. थोरलीने पुन्हा पाय उचलून हवेतच धरला. समोरच्या इमारतीच्या खिडकीतून कुणीतरी फोटो काढत होतं ते तेव्हाच असणार. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पडलेल्या हत्तिणीचा फोटो आला. हा आधीचा कुठल्यातरी खोक्यात राहिला. त्याला एक वाक्य बोलायचं होतं. मला माहीत नाही, मी ठोकून पाहिलेलं नाही. एवढंच. मग पाच मिनिटं गेली असती, पहार आपटून झाली असती, शेजारून वाट आखली असती, लोक हसले असते, बास. पण वैद्यबुवांच्या कानाची अब्रू होती, चाळीस वेळा बरोबर आल्याची मस्ती होती, आणि इतक्या लोकांसमोर गोल पुसून फुली मारावी लागणार होती. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "मी स्वतः ठोकून पाहिलंय. भक्कम आहे." माहुताने मान हलवली. त्याने अंकुश काढला नाही, ओरडला नाही. तिच्या कानाशी तोंड नेऊन हलक्या आवाजात म्हणाला, "साहेबांनी ठोकलंय गं. चल." आणि ती निघाली. आयुष्यात पहिल्यांदाच, असं माहुताने नंतर सांगितलं, स्वतःच्या पायाचं न ऐकता ती माणसाचं ऐकून निघाली.

फरशी फुटल्याचा आवाज मोठा नव्हता. भद्द, एवढाच. आत राहणारा. तो आवाज त्याने आदल्या दिवशी ऐकायला हवा होता. थोरलीचा पाय मांडीपर्यंत खाली गेला, आणि ती तोंडावर आली. ती ओरडली नाही. लोक ओरडले, पळाले, एकमेकांना तुडवत दुकानांत घुसले; हत्ती जागचे हलले नाहीत. दुसऱ्याच्या सोंडेत तिचं शेपूट होतं ते त्याने सोडलं नाही, तिसऱ्याने दुसऱ्याचं सोडलं नाही, आणि असे ते सहाजण तिथे तीन तास उभे राहिले. बँडला काहीच माहीत नव्हतं. तो मैदानापर्यंत वाजत गेला. गुरांचा डॉक्टर आला, वाकला, उठला आणि हात पुसत राहिला. दुपारी बंदूकवाला पोलीस आला. माहूत तोवर तिच्या डोक्याशी बसून होता, तिच्या कानात काहीबाही बोलत होता. काय ते ऐकू येण्याइतकं जवळ जायची याची छाती झाली नाही. गोळीच्या आधी माहूत उठला, आणि बाकीच्या सहांची तोंडं त्याने एकेक करून दुसरीकडे वळवली. शेपूट सोडवताना त्याला दुसऱ्याची सोंड दोन्ही हातांनी उलगडावी लागली. हा पहार घेऊन वखारीच्या दाराशी उभा होता. खाली गटारात फरशीचे तुकडे पाण्यात पडले होते आणि त्यावरचा खडू धुऊन जात होता. त्याला वाईट वाटत होतं, हे खरं आहे. पण खडू धुऊन जातोय हेही त्याला दिसत होतं.

चौकशीला तिघेजण होते. मधल्याला पडसं झालं होतं, तो सारखा रुमालात नाक दाबत होता. माहुताची जबानी आधी झाली होती. दारातून तो बाहेर पडला आणि हा आत गेला, दोघांचे खांदे एकमेकांना लागले. "फरशीवर खूण काय होती?" पडसेवाल्याने विचारलं. "फुली," तो म्हणाला. "खात्री आहे?" "माझ्या हाताने मारली होती." लेखनिकाने लिहून घेतलं. पडसेवाला रुमालातून म्हणाला, "ठीक आहे. तसंही माहुताने कबूलच केलंय. म्हणाला, ती नाही म्हणत होती, मी तिचं ऐकलं नाही, दोष माझा, दुसऱ्या कुणाला विचारू नका." म्हणजे गरजच नव्हती. माहुताने त्याचं नावही घेतलं नव्हतं. गप्प बसून चाललं असतं, पुसटसं 'आठवत नाही' म्हणून चाललं असतं, आणि याने न मागितलेलं खोटं पुढे करून ते त्या माणसाच्या माथी चिकटवलं होतं. माहुताची नोकरी गेली. सर्कस पुढच्या गावाला गेली ती त्याच्याशिवाय, आणि सहा हत्ती मालधक्क्यापर्यंत लॉऱ्यांतून गेले, चालत नाही. त्या दिवसानंतर शहरात हत्तींची मिरवणूक झाली नाही. सर्कशी आल्या, पण त्यांचे हत्ती लोकांनी तंबूतच पाहिले.

त्याला माहूत पुन्हा एकदाच दिसला, बारा वर्षांनी. एका मोठ्या दुकानाबाहेर गाड्या लावून द्यायचं काम करत होता, अंगात मापापेक्षा मोठा निळा कोट. आठ वर्षांची मुलगी याच्या बोटाला होती. याने ओळखलं आणि मान खाली घालून निघून जायला लागला, तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, जपून. तिथली फरशी हलतेय." वळून पाहिलं तर माहूत हात वर करून दाखवत होता, कुठली ते. चेहऱ्यावर राग नव्हता. टोमणा आहे का हे याने फार शोधलं, टोमणाही नव्हता. फरशी खरोखरच हलत होती. "कोण होते बाबा ते?" मुलीने विचारलं. "कुणी नाही," तो म्हणाला. त्याच आठवड्यात मुलीने चेंडूने जिन्यातली काच फोडली आणि शेजारच्या मुलीने फोडली म्हणून सांगितलं. त्याने तिच्या थोबाडीत मारली. त्याआधी कधी मारली नव्हती, त्यानंतरही नाही. दुसऱ्यावर ढकललेलं खोटं सगळ्यांत वाईट, असं तो कापऱ्या आवाजात बोलत होता आणि त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्याकडे भूत बघावं तशी बघत होती.

"हे माझे वडील," मुलगी कुणालातरी सांगत होती. व्हरांड्याच्या टोकाला टेबल टाकून माहितीखात्यातली एक बाई बसली होती, स्वतःच निवृत्तीला टेकलेली, चष्म्याला साखळी. ती वही घेऊन उठून आली. "फोटोतले? खरंच? बरं झालं बाई, कुणीतरी जिवंत सापडलं," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात पितळी पाट्या लागणार आहेत फोटोंखाली. कागदावरचं सगळं अहवालातून घेतलंय, पण कुणाला आणखी काही माहिती असेल तर इथे लिहून घेतोय. एकदा पितळेवर गेलं की गेलं, मग कोण बदलतंय? लिहा ना, आजोबा. तुमचं नाव तरी येईल पाटीवर." तिने पेन्सिल पुढे केली. मुलगी म्हणाली, "लिहा बाबा. माझ्या वर्गाला घेऊन येईन बघायला." पेन्सिल त्याच्या हातात आली. लिहिलं नाही तर काहीच होणार नव्हतं. गोल कुणी ओळखणार नव्हतं. मुलगी हात धरून त्याला घरी नेणार होती, आणि जितके दिवस उरले होते तितके दिवस भक्कम आहे, या म्हणणार होती. माहूत आता कुठे असणार? तेव्हाच पन्नाशीचा होता. त्याचं कुणी मागे असलंच तर ते या व्हरांड्यात येऊन तो कागद वाचेल, पितळेवर वाचेल, आणि आपला माणूस बेफिकीर होता असं धरून चालेल. त्याने फोटोकडे पाहिलं. थोरली पाय वर धरून उभी होती. अठ्ठेचाळीस वर्षं ती तिथे पाय वर धरून उभी होती, आणि तो तोंड उघडं टाकून.

तो टेबलाशी बसला. एकेक अक्षर सावकाश लिहीत गेला. डावीकडे पहार घेऊन उभा आहे तो मी. पुढे त्याने आपलं नाव लिहिलं आणि हुद्दा लिहिला. ही फरशी मी ठोकून पाहिली नव्हती. हिच्यावर फुली नव्हती, गोल होता; फोटोत दिसतो. हत्तीण थांबली होती आणि माहुताने मला विचारलं होतं. मी ठोकली आहे असं त्याला खोटं सांगितलं, आणि फुली होती असं चौकशीत खोटं सांगितलं. माहुताची चूक नव्हती. त्याने सही केली. मग वही तिरकी धरून, हात लांब करून, सहीखाली एक वाकडा गोल काढला आणि त्याला शेपूट सोडलं, म्हणजे ज्याला ताडून पाहायचं त्याला पाहता येईल.

मुलगी त्याच्या खांद्यावरून वाचत होती. तिचा श्वास त्याला मानेवर लागत होता. तो मध्येच लागायचा थांबला. ती वळून फोटोपाशी गेली, वाकली, गोलाकडे पाहिलं, आणि कितीतरी वेळ तशीच राहिली. माहितीखात्यातल्या बाईने वही पुन्हा एकदा वाचली. मग तिने घसा साफ केला. "म्हणजे मजकूर बदलावा लागेल." "बदला," तो म्हणाला. "असंच्या असं घालू?" "असंच्या असं."

"आईला माहीत होतं?" मुलीने फोटोकडे बघतच विचारलं.

"नाही."

"आणि मला तुम्ही काचेपायी मारलंत."

"हो."

"शेजारी पाठवलंत माफी मागायला. एकटीला. तुम्ही जिन्यात उभे होतात."

तो जिन्यात उभा होता, आणि आठ वर्षांची मुलगी शेजारच्या दारात मान खाली घालून जे बोलली ते त्याने शब्दन् शब्द ऐकलं होतं, कारण त्याचा कान चांगला होता. त्याला तिचा हेवा वाटला होता. हे तिला सांगावं असं आत्ता त्याला वाटलं, पण ते मागण्यासारखं झालं असतं, आणि आज त्याला काही मागायचं नव्हतं. तिने पिशवी उचलली. "दाखल्याचं काम झालंय ना?" ती म्हणाली. "चला." आवाज कोरडा होता. वर्गात ती असाच लावत असावी.

ते अंगणातून चालत गेले. ती दोन पावलं पुढे होती, रोजच्यापेक्षा भरभर, आणि तिचा हात आज मागे आला नव्हता. ऊन डोक्यावर आलं होतं. फाटकाजवळच्या लोखंडी पत्र्यापाशी त्याचा पाय आपोआप थबकला. उजवा पाय उचलला गेला आणि हवेत राहिला. सकाळी याच पत्र्यावरून तो आत आला होता, तरी पाय खाली जाईना. त्याने वर पाहिलं. मुलगीही आज पत्र्याच्या अलीकडेच, त्याच्या बाजूला थांबली होती. तिच्या ओठांवर ते वाक्य आलेलं त्याला दिसलं, इतक्या वर्षांची सवय. पण ते तिने गिळलं. ती वळली. पहिल्यांदा पत्र्याकडे पाहिलं, नीट, मग त्याच्या हवेतल्या पायाकडे, मग त्याच्या तोंडाकडे. डोळे भरलेले होते.

"मला माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "मी ठोकून पाहिलेलं नाही."

त्याने पाय मागे घेतला. मग ते दोघं इमारतीला वळसा घालून मागच्या फाटकाने बाहेर पडले.